ठाण्यात रस्त्याच्या दुरुस्तीची तक्रार कशी करायची: नवीन राहायला आलेल्यांसाठी

ठाण्यात नवीन घर घेतलंय किंवा भाड्याने राहायला आलाय आणि सोसायटीच्या गेटबाहेरचा रस्ता पहिल्याच पावसात उखडलाय, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. दर जुलैत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खड्ड्यांचे फोटो फिरतात, सगळे म्हणतात कोणीतरी तक्रार करा, दोघंतिघं खरंच करतातही, पण ती भलत्याच ऑफिसात जाते आणि काही दिवसांनी "सदर रस्ता आमच्या अखत्यारीत येत नाही" असं एका ओळीचं उत्तर येऊन बंद होते. मग लोक म्हणतात काही होत नाही, सोडा. होतं हो, नक्की होतं, पण तक्रार योग्य माणसाकडे आणि पुराव्यासकट लेखी गेली पाहिजे, आणि ती कागदावरच बंद होऊ द्यायची नाही.

आधी बघा रस्ता कुणाचा आहे

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नवीन माणसाला हेच माहीत नसतं. आपल्याला वाटतं शहरातला रस्ता म्हणजे महापालिकेचाच, पण ठाण्यात तसं नाहीये.

गोखले रोड, राम मारुती रोड, पोखरण रोड नंबर १ आणि २, आतल्या गल्ल्या, चौक हे सगळं ठाणे महापालिकेकडे. घोडबंदर रोड मात्र मुळात राज्य महामार्ग, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचा, ज्याला सगळे पीडब्ल्यूडी म्हणतात, त्यात मधोमध मेट्रो ४ आणि पुढे गायमुखपर्यंत ४ अ चं काम एमएमआरडीएचं, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं, आणि बाजूचे सर्व्हिस रोड महापालिकेचे. म्हणजे कापूरबावडीहून कासारवडवलीला जाताना तुम्ही एका लेनमधून दुसऱ्या लेनमध्ये गेलात की मालक बदलला. माजिवड्याहून भिवंडी बायपासकडे, वडप्यापर्यंत, मुंबई-नाशिक महामार्गाचं रुंदीकरण एमएसआरडीसीकडे, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाकडे. मुंब्रा बायपास पीडब्ल्यूडीकडे. कळव्याच्या पुढे दिघ्यापासून नवी मुंबईची हद्द लागते, तिथून ठाणे-बेलापूर रोड नवी मुंबई महापालिकेचा, पाम बीच रोडही त्यांचाच, पण सायन-पनवेल महामार्ग परत पीडब्ल्यूडीचा.

पुलांचं अजून वेगळं. खालचा रस्ता एकाचा आणि वरचा पूल दुसऱ्याचा असं होतं, म्हणून तक्रारीत "पुलावर" की "पुलाखाली" हे स्पष्ट लिहायचं.

आणि एक गोष्ट, जी घोडबंदर पट्ट्यात, कोलशेत, बाळकुम, ढोकाळीकडे नवीन टॉवरमध्ये राहायला आलेल्यांनी नीट वाचा. मोठ्या कॉम्प्लेक्सच्या आतला रस्ता, किंवा गेटपासून मेन रोडपर्यंतचा तुकडा, बिल्डरने अजून महापालिकेला हस्तांतरितच केलेला नसतो. टॅक्स भरतोय, पाणी महापालिकेचं, मग रस्ता त्यांचाच असणार असं लोक धरून चालतात आणि वर्ष वर्ष चुकीच्या टेबलावर अर्ज देत राहतात. महापालिकेच्या शहर विकास विभागाला लेखी विचारा की हा विकास आराखड्यातला रस्ता आहे का आणि तो पालिकेच्या ताब्यात आलाय का. उत्तर "नाही" आलं तर भांडण बिल्डरशी आहे आणि ते सोसायटीने करायचंय, ती वेगळी लढाई.

रस्ता कुणाचा हे चटकन कळायचा साधा मार्ग म्हणजे आपल्या प्रभाग समितीच्या ऑफिसात जाऊन बांधकाम विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला, म्हणजे जेईला विचारणं. ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत: नौपाडा-कोपरी, उथळसर, वागळे इस्टेट, लोकमान्य-सावरकर नगर, वर्तक नगर, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा, दिवा. मुख्यालय पाचपाखाडीला, कचराळी तलावाजवळ. पण खड्ड्यासाठी थेट मुख्यालयात धावू नका, सुरुवात प्रभाग समितीतूनच, कारण जेईच रोज त्या रस्त्यावर फिरतो आणि ठेकेदाराची माणसं तोच पाठवतो. जेईच्या वर उपअभियंता, त्याच्या वर कार्यकारी अभियंता, त्यांच्या वर नगर अभियंता, आणि प्रभाग समितीचे प्रमुख म्हणजे सहायक आयुक्त. ही उतरंड लिहून ठेवा, पुढे लागेल.

खड्डा नेमका कसला आहे

सगळे खड्डे सारखे नसतात आणि कारण चुकीचं धरलं तर तो बुजवला तरी पंधरा दिवसांत परत पडतो. डांबराच्या रस्त्याचा खरा शत्रू पाणी. वरच्या थराला बारीक भेगा पडतात, पाणी आत मुरतं, खालची खडी सैल होते, वरून बस-ट्रक गेले की दाबाने ती बाहेर फेकली जाते आणि खड्डा उघडतो. म्हणून ज्या रस्त्यावर पाणी तुंबतं तिथे खड्डा बुजवून उपयोग नाही, गटार आधी साफ व्हायला हवं. तक्रारीत लिहा की इथे पाणी साचतं आणि गटाराची जाळी बंद आहे.

भर उन्हाळ्यातही एकाच जागी ओल दिसतेय आणि रस्ता खचतोय? मग खाली पाण्याची लाइन लीक आहे, तक्रार पाणीपुरवठा विभागाकडे. चेंबरचं झाकण खचलंय, वर आलंय किंवा तुटलंय तर मलनिःसारण विभाग, आणि झाकण गायबच असेल तर थांबू नका, लगेच आपत्ती व्यवस्थापन कक्षाला फोन करा, तो २४ तास चालू असतो. पावसात पाणी साचलं की उघडं चेंबर दिसत नाही, त्यात माणसं गेलेली आहेत.

गॅस, वीज किंवा इंटरनेटच्या केबलसाठी चर खोदला आणि नुसती माती ओढून गेले, हा प्रकार तर सगळीकडे. खोदायला महापालिकेची परवानगी लागते आणि रस्ता पूर्ववत करण्यासाठी कंपनीकडून पैसे आधीच भरून घेतलेले असतात. म्हणजे चर बुजवायला निधी नाही हे उत्तर चालत नाही. खोदकाम चालू असतानाच तिथल्या मुकादमाला परवानगीचा कागद दाखवायला सांगा आणि त्याचा फोटो घ्या.

पुरावा गोळा करा

दोन फोटो पुरतात, पण ते नीट हवेत. एक जवळून, खड्ड्यात किंवा शेजारी एखादी वस्तू ठेवून, पाण्याची बाटली, मोजपट्टी, काहीही, म्हणजे खोली कळते. दुसरा लांबून, ज्यात दुकानाची पाटी, बसस्टॉप, शाळेचं गेट असं काहीतरी ओळखीचं दिसेल. फोनमध्ये लोकेशन आणि तारीख फोटोवर छापणारं कॅमेरा ॲप टाकून घ्या, फुकट मिळतात.

जागा सांगताना "ब्रह्मांडजवळ" किंवा "हिरानंदानीच्या सिग्नलला" असं मोघम नको. जवळच्या पथदिव्याच्या खांबावर नंबर असतो, तो लिहा. मेट्रोच्या खाली असाल तर पिलरचा नंबर लिहा. ठेकेदाराचा माणूस टेम्पोतून खडी घेऊन रात्री येतो तेव्हा त्याला तुमची कॉलनी माहीत नसते, नंबर दिसतो. आणि कुठल्या दिशेची लेन, तेही लिहा.

एका तक्रारीत एकच जागा. पंधरा खड्डे एका अर्जात घातले की त्यातले दोन बुजवून पूर्ण अर्ज निकाली निघतो.

तक्रार लिहिणं आणि देणं

ऑनलाइन करायची तर महापालिकेच्या वेबसाइटवर आणि ॲपवर करा, मोबाइल नंबर टाकला की टोकन नंबर येतो, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. फोनवर केलीत तरी नंबर मागा, "नोंद घेतली" यावर समाधान मानू नका. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) टाकायला हरकत नाही, कधीकधी तिथे लवकर हालचाल होते, पण फक्त तेवढ्यावर थांबायचं नाही कारण पुढे अपील करायची वेळ आली की त्याला कागदाचं वजन नसतं.

मला विचाराल तर कागदी अर्ज अजूनही सगळ्यात भारी. दोन प्रती काढा, प्रभाग समितीच्या आवक कक्षात एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. यालाच पोच म्हणतात आणि ही पोच म्हणजे तुमचं शस्त्र आहे. काउंटरवर कधी सांगतात की साहेबांना भेटा, अर्ज कशाला, तेव्हा शांतपणे म्हणा, "साहेबांना भेटतोच, पण आधी एवढा शिक्का मारून द्या."

भाषा साधी ठेवा. साधारण असा मजकूर पुरतो (त्यातला कोर्टाचा आदेश आणि दोषदायित्व कालावधी म्हणजे काय ते पुढे येतंच):

*प्रति, मा. सहायक आयुक्त, ...... प्रभाग समिती, ठाणे महानगरपालिका. विषय: ...... रस्त्यावरील खड्डा बुजवणे व कायमस्वरूपी दुरुस्ती करणेबाबत. महोदय/महोदया, वरील रस्त्यावर पथदिवा खांब क्र. ...... समोर, ...... कडे जाणाऱ्या मार्गिकेत अंदाजे ...... फूट लांब, ...... फूट रुंद व ...... इंच खोल खड्डा दि. ...... पासून आहे. शेजारी शाळा व बसथांबा असून दुचाकीस्वार घसरत आहेत. फोटो सोबत जोडले आहेत. मा. मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२५ च्या आदेशानुसार ४८ तासांत कार्यवाही व्हावी, तसेच हा रस्ता दोषदायित्व कालावधीत असल्यास संबंधित ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी. केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी कळवावी. आपला/आपली, नाव, पत्ता, मोबाइल.*

सोसायटीच्या लेटरहेडवर, सचिव आणि अध्यक्षांच्या सहीने दिलं तर अजून चांगलं, आणि शेजारच्या तीन-चार सोसायट्यांनी त्याच रस्त्यासाठी आपापलं पत्र त्याच आठवड्यात दिलं तर जेईलाही वर सांगायला बरं पडतं. हे मी मनापासून सांगतो, सगळे जेई कामचुकार नसतात, बऱ्याचदा त्यांच्याकडेच माणूस आणि माल नसतो आणि तुमचं पत्र त्यांना वरून मंजुरी मागायला उपयोगी येतं. बोलताना आवाज चढवू नका, पण मागणी सोडू नका.

कोर्टाने काय म्हटलंय, कारण हे पत्रात लिहिलं की फरक पडतो

खड्ड्यांचा विषय मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्वतःहून जनहित याचिका म्हणून घेतला. २०१८ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की सुस्थितीतला, सुरक्षित रस्ता हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २१ चा भाग आहे. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये अजून पुढचा आदेश आला: खड्डा लक्षात आणून दिल्यावर ४८ तासांत त्यावर कार्यवाही, खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला ६ लाख रुपये, जखमी झाल्यास जखमेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख, आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी-ठेकेदारांकडून वसूल करायची. हा आदेश नुसत्या मुंबईपुरता नाही, आपल्याकडच्या महापालिका, एमएमआरडीए, एमएसआरडीसी, पीडब्ल्यूडी सगळे त्यात आले.

कायद्यातही रस्ते ही काही मेहेरबानी नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्ते बांधणं आणि सांभाळणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं, रस्त्याची देखभाल मानकाप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड.

पावसात काय मागायचं आणि पाऊस संपल्यावर काय

इथे खूप जणांची निराशा होते म्हणून जरा सविस्तर. भर पावसात गरम डांबर टाकता येत नाही, टाकलं तरी ओल्या पृष्ठभागाला ते धरत नाही. म्हणून जुलैत जे करतात ते तात्पुरतं असतं: कोल्डमिक्स (गरम न करता टाकायचं डांबर-खडीचं मिश्रण), पेव्हर ब्लॉक, कधी मास्टिक (डांबराचं घट्ट मिश्रण), आणि सगळ्यात वाईट म्हणजे नुसती खडी आणि दगडाची भुकटी. ही सुटी खडी एका सरीत वाहून जाते आणि बाइकवाल्यांना खड्ड्यापेक्षा जास्त धोका तिचाच. नुसती खडी टाकून गेले तर त्याच दिवशी फोटो काढून परत लिहा की हे बुजवणं नाही.

मग पावसात मागणी करायची दोन भागांत: आत्ता तातडीने सुरक्षित करा, आणि पावसाळ्यानंतर कायमस्वरूपी दुरुस्ती करा. दुसरा भाग पत्रात असला की ऑक्टोबरमध्ये त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र देता येतं. बहुतेक लोक इथेच सुटतात, पाऊस थांबला, धूळ बसली, दिवाळी आली, विषय संपला, आणि पुढच्या जूनला परत तोच खड्डा.

कोरड्या दिवसांत चांगली दुरुस्ती कशी दिसते तेही ओळखायला शिका. खड्ड्याच्या कडा चौकोनी कापतात, आतली माती आणि सैल खडी झाडून काढतात, पातळ डांबराचा हात मारतात, मग माल भरून रोलर फिरवतात, आणि शेवटी ती जागा आजूबाजूच्या रस्त्याच्या लेव्हलला येते. न झाडता, न कापता वरून माल ओतून फावड्याने थापटला तर तो टिकणार नाही, तिथेच उभं राहून व्हिडिओ घ्या.

तक्रार "निकाली" दाखवली पण खड्डा तिथेच आहे

हे होतं. मोबाइलवर मेसेज येतो तक्रार बंद झाली, बाहेर जाऊन बघावं तर काही नाही. अशा वेळी नवीन तक्रार करण्याआधी जुनीच उघडायला सांगा, आजच्या तारखेचा फोटो लावून, जुना टोकन नंबर टाकून. नवीन केली की जुनी त्यांच्या हिशेबात यशस्वी म्हणून राहते.

तरी हललं नाही तर एकेक पायरी वर. उपअभियंता, कार्यकारी अभियंता, मग नगर अभियंता, प्रत्येक पत्रासोबत आधीच्या पोचेची झेरॉक्स. राज्य सरकारच्या आपले सरकार पोर्टलवर तक्रार निवारणाची सोय आहे, तिथे उत्तराची मुदत २१ दिवस. महापालिकेत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, म्हणजे वरिष्ठ अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात तो दिवस, त्यासाठी ठरलेल्या नमुन्यात अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो, आयत्या वेळी गेलात तर उपयोग नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा रस्ता असेल तर १०३३ हा त्यांचा हेल्पलाइन नंबर.

नगरसेवकांकडेही जा. मार्च २०२२ नंतर बराच काळ ठाण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता, निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. एका प्रभागात एकाहून जास्त नगरसेवक असतात, त्यामुळे पत्र सगळ्यांना एकाच मजकुराचं द्या, एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा राहत नाही.

माहितीचा अधिकार आणि डीएलपी

नवीन केलेला रस्ता लगेच उखडला तर रागाच्या भरात फक्त "बुजवा" म्हणू नका, कारण मग तो तुमच्या-माझ्या पैशातून बुजवला जातो. टेंडरमध्ये दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो, ऑफिसात सगळे त्याला डीएलपी म्हणतात. त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करून द्यायचा असतो, त्याची अनामत रक्कम त्यासाठीच अडकवलेली असते. ठाण्यात गेल्या काही वर्षांत बरेच रस्ते काँक्रीट, यूटीडब्ल्यूटी (जुन्या रस्त्यावर काँक्रीटचा पातळ थर) आणि मास्टिकचे झालेत, म्हणजे तुमच्या घरासमोरचा रस्ता डीएलपीत असण्याची शक्यता चांगली आहे.

हे काढायचं माहिती अधिकाराच्या अर्जातून. साध्या कागदावर, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, जन माहिती अधिकारी, बांधकाम विभाग यांच्या नावे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा, म्हणून प्रस्तावना, भावना काही नको. एवढंच मागा: या रस्त्याच्या शेवटच्या कामाच्या कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत, ठेकेदाराचं नाव, कामाची रक्कम, काम पूर्ण झाल्याची तारीख, डीएलपी कधी संपतो, आणि मोजमाप पुस्तिकेच्या, म्हणजे झालेलं काम मोजून लिहितात त्या वहीच्या, संबंधित पानांची प्रत. "रस्ता खराब का आहे" असले प्रश्न विचारू नका, कायद्याने कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत. प्रतीला पानामागे २ रुपये.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. अर्ज चुकीच्या यंत्रणेकडे गेला तरी कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, साध्या तक्रारीच्या बाबतीत मात्र त्यावर विसंबू नका. कामाची तपासणी करण्याचा आणि मालाचे नमुने घेण्याचा हक्कही याच कायद्यात आहे.

डीएलपीची तारीख हातात आली की पुढचं पत्र पूर्ण बदलतं. मग तुम्ही विनंती करत नाही, करारातली अट दाखवता.

अपघात झाला असेल तर

आधी दवाखाना, बाकी सगळं नंतर. पण सोबतच्या कुणीतरी त्याच दिवशी खड्ड्याचे फोटो-व्हिडिओ काढायलाच हवेत, कारण अपघातानंतर खड्डा एका रात्रीत बुजवला जातो आणि पुरावा जातो. हॉस्पिटलमध्ये नोंद करताना "गाडीवरून पडले" एवढं न लिहिता खड्ड्यामुळे पडले असं लिहायला सांगा. पोलिस ठाण्यात नोंद आणि घटनास्थळाचा पंचनामा होऊ द्या. सगळी बिलं, डिस्चार्ज कार्ड, कामावरची रजा यांचे कागद एका फाइलमध्ये.

भरपाईचा दावा ज्या समितीकडे जातो त्यात महापालिकेच्या हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. दावा केल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत रक्कम द्यावी असं कोर्टाचं म्हणणं आहे. विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्ट नाक्याला जिल्हा न्यायालयात आहे, अर्ज कसा करायचा हे तिथे विचारा, वकील परवडत नसेल तर तेही सांगा. त्या जागेची आधीची कुणाची तक्रार पोचेसकट असेल तर ती जोडा, यंत्रणेला माहीत होतं हे त्यातून दिसतं. तुमच्या आजच्या साध्या अर्जाचा उद्या एखाद्या अनोळखी कुटुंबाला असा उपयोग होऊ शकतो.

नवीन काम सुरू झालं की

साइटवर फलक लागायला हवा: कामाचं नाव, ठेकेदार, रक्कम, मुदत, डीएलपी. नसेल तर जेईला फोन करून लावायला सांगा, असेल तर पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ऑफिसातल्या फाइलला आणि ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये दोन्हीकडे ठेवा, कारण फलक काम संपलं की निघून जातो आणि कमिटी दर काही वर्षांनी बदलते. काँक्रीटचं काम असेल तर ओतल्यावर त्यावर पाणी मारतायत की नाही, ओली गोणपाटं टाकलीयेत की नाही, बॅरिकेड हलवून कुणी लवकर गाड्या घालत नाही ना, एवढं सकाळी चालायला जाताना बघा. आणि काम झाल्यावर चेंबरची झाकणं रस्त्याच्या लेव्हलला आलीत का हे ठेकेदाराची गाडी तिथून हलायच्या आधी तपासून सांगा, नंतर त्यासाठी वेगळं टेंडर निघतं.